चुंबकीय क्षेत्रातले क्वार्क : बंधनाला दिशा कशी मिळाली

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात, तो क्वार्क नावाचा कण सुटा सापडत नाही. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी त्याची कल्पना मांडली. पुढे प्रयोगांत त्याच्या खुणा भरपूर मिळाल्या, एकटा क्वार्क मात्र कुणाच्या हाती लागलेला नाही. क्वार्क आणि प्रतिक्वार्क (त्याचा विरुद्ध भाराचा जोडीदार) एकमेकांपासून दूर नेले तरी त्यांच्यातली ओढ ओसरत नाही. प्रोटॉनच्या आकाराइतक्या अंतरावरही ती साधारण सोळा टनांच्या वजनाएवढी असते. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अवकाश-काल बिंदूंच्या जाळीवर मांडून या बंदिवासाचे गणित करण्याची वाट दाखवली. आज महासंगणकांवर चालणारे जाळीवरचे गणित हे त्याच वाटेचे फळ.

चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न यात उशिरा आला, आणि त्याला कारण होते. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकाचा त्यांच्यावर थेट परिणाम होत नाही. क्वार्कवर मात्र विद्युतभार असतो, आणि निर्वातातही क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोड्या सतत उमटून विरत असतात. क्षेत्र या जोड्यांवर परिणाम करते आणि त्यांच्यामार्फत ग्लुऑनवर. क्षेत्रामुळे निर्वाताचे गुणधर्म बदलतात, हे इलेक्ट्रॉनच्या संदर्भात हायझेनबर्ग आणि ऑयलर यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. क्वार्कसाठी क्षेत्र फार प्रचंड लागते : एकावर अठरा शून्ये इतके गॉस किंवा त्याहून अधिक. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस आहे, आणि मॅग्नेटार नावाच्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावरचे क्षेत्रही एकावर पंधरा शून्यांच्या आसपास थांबते.

असे क्षेत्र पृथ्वीवर निर्माण होते, हे ध्यानात आल्यावर विषयाला वेग आला. दिमित्री खारझीव, लॅरी मॅक्लेरन आणि हार्मेन वारिंगा यांनी २००७-०८ च्या सुमारास दाखवून दिले, की जड अणुकेंद्रके प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांना अर्धवट घासून जातात तेव्हा क्षणभर याच प्रतीचे क्षेत्र उठते. अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये आणि युरोपातल्या सर्नमध्ये अशा टकरी होतात.

मग वाद उभा राहिला, आणि या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. क्षेत्र वाढले की क्वार्क-प्रतिक्वार्कची निर्वातातली जोडणी बळकट होते, हे गुसिनिन, मिरान्स्की आणि शोव्कोवी यांनी १९९४ मध्ये सांगितले होते. त्यावरून बंधन सुटण्याचे तापमानही, म्हणजे ज्या तापमानाला क्वार्क एकमेकांच्या बंधनातून मोकळे होतात ते, वाढेल, अशी अपेक्षा होती. २०१० मध्ये मासिमो देलिया, स्वागतो मुखर्जी आणि फ्रान्चेस्को सान्फिलिप्पो यांच्या जाळीवरच्या गणितात ते किंचित वाढलेले दिसलेही. दोनच वर्षांत गुन्नार बाली, गेर्गेली एंड्रोडी आणि सहकाऱ्यांनी क्वार्कची खरी वस्तुमाने आणि अधिक बारीक जाळी घेतली, तर उत्तर उलटे आले : तापमान घटते. आधीच्या गणितातला दोष खऱ्याहून वजनदार धरलेल्या क्वार्कचा की जाळीचा? २०१८ मध्ये देलिया यांच्याच गटाने वजनदार क्वार्क घेऊन पुन्हा गणित केले, तेव्हाही तापमान घटलेच. म्हणजे मुख्य अडचण जाडसर जाळीची होती. आपलाच निष्कर्ष इतक्या काटेकोरपणे तपासून पाहणे, ही विज्ञानातली फार मोठी गोष्ट आहे.

दरम्यान २०१४ मध्ये क्लाउडिओ बोनाती, देलिया आणि सहकाऱ्यांनी बंधनाच्या बलाकडेच मोर्चा वळवला. एरवी हे बल सर्व दिशांना सारखे असते. क्षेत्रात तसे राहत नाही : क्षेत्राच्या दिशेने ओढ सैल होते, काटकोनात ती वाढते. क्षेत्र ऊर्जेच्या मोजमापात सुमारे ४ जीईव्ही वर्ग (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) इतके झाले की त्याच्या दिशेतली ओढ संपेल, असा अंदाज २०१६ मध्ये आकडे पुढे ताणून बांधला गेला. २०२१ मध्ये ९ जीईव्ही वर्गापर्यंत प्रत्यक्ष गणित झाले, तेव्हा ती दहापट घटली होती, शून्य झाली नव्हती. काटकोनातली ओढ सुमारे ५० टक्क्यांनी वाढून तिथेच थबकल्यासारखी दिसली.

पुढच्याच वर्षी असे दिसले, की क्षेत्र ४ जीईव्ही वर्ग असताना तापमान वाढवत नेले की बंधन हळूहळू सुटते, तर ९ ला पाणी उकळताना होतो तसा एकदम बदल होतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक क्रांतिक बिंदू, म्हणजे हळूहळू होणारा बदल जिथून एकदम होऊ लागतो तो, असला पाहिजे. टकरींत मिळणारे क्षेत्र याहून बरेच कमी आणि क्षणात विरणारे असते, त्यामुळे त्या बिंदूचा शोध सध्या जाळीवरच चालू आहे.