गोदाकाठचं शेवाळ : पूर, डोह आणि धरण

मराठवाड्यात पूरमैदानातली, म्हणजे नदीकाठच्या पुरात बुडणाऱ्या सपाट जमिनीवरची तळी शोधायला निघालं तर हाती फारसं लागत नाही. आसामात ब्रह्मपुत्रेने मार्ग बदलताना मागे सोडलेले बील, म्हणजे उथळ तळी आहेत. आपली गोदावरी काळ्या खडकात रुतून वाहते आणि तिच्या काठची गाळाची पट्टी अरुंद आहे. तिच्या वाट्याला आले ते डोह. पावसाळा सरला की धार बारीक व्हायची, काही ठिकाणी तुटायची आणि डोह एकमेकांपासून अलग पडायचे. शेवाळाच्या हिशेबाने डोहाची गत पूरमैदानातल्या तळ्यासारखीच: काही काळ नदीशी जोडलेला, बाकीचा काळ एकटा.

ही जोडतोड किती महत्त्वाची, हे शास्त्राने उशिरा मांडलं. 1989 मध्ये युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी पुराच्या ठोक्याची कल्पना मांडली. मोठ्या नद्यांच्या काठचं जीवन पाण्याच्या चढउतारावर चालतं, असं तिचं सार. पुढे ब्राझीलच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये दाखवलं, की पुरात वेगवेगळी तळी एकमेकांसारखी होत जातात आणि पूर ओसरल्यावर प्रत्येकाचं वेगळेपण पुन्हा उमटतं.

याचं कारण पाण्यातच आहे. पुराचं पाणी गढूळ असतं, ऊन खोल जात नाही आणि वाढलेलं शेवाळ वाहून जातं. अशा घुसळणीत डायटम, म्हणजे कवच असलेलं एकपेशीय सूक्ष्म शेवाळ, तग धरतात. त्यांचं कवच सिलिकेचं, म्हणजे जड. पाणी स्थिर झालं की ते तळाशी बसतात. खडक झिजून सिलिका पाण्यात येत राहते, त्यामुळे कवचासाठी लागणारा माल नदीच पुरवते. पाणी निवळलं की हिरव्या शेवाळाला वाव मिळतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, आटतं, सांडपाण्यातलं आणि खतांतलं फॉस्फरस दाट होतं, आणि मग निळ्या-हिरव्या जीवाणूंचं फावतं. त्यांतल्याच मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर ते वर तरंगतं आणि खालच्यांचा उजेड अडवतं. त्याचे काही प्रकार विषारीही असतात. नत्र कमी पडलं तर ॲनाबीना हा त्यांतलाच दुसरा जीवाणू ते हवेतून घेतो.

मग धरणं आली. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरतो. क्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरासरी खोली जेमतेम 8 मीटर. एवढ्या विस्ताराला ही खोली उथळच. पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर सरकतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, होते. तिथे टाकलेलं खत पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जातं. शेवाळाच्या चर्चेत शहरांचं सांडपाणी हमखास येतं. गाळपेर मात्र विसरली जाते.

अभ्यासाची परंपरा इथे आहे. महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचा सरोदे आणि कामत यांचा ग्रंथ 1984 मध्ये औरंगाबादहूनच प्रसिद्ध झाला. कोणती जात कुठे सापडते, हे अशा ग्रंथांतून कळतं. ती जात त्याच वेळी तिथे का होती, हे कळायला पाण्याची पातळी, गढूळपणा आणि विसर्गाच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

दुष्काळात हा हिशेब आणखी गुंततो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं; त्याच वर्षीच्या पावसात धरण भरलं. तलाव आटला म्हणून शेवाळ संपत नाही. ॲनाबीनासारख्यांच्या जाड भिंतीच्या सुप्त पेशी चिखलात टिकतात आणि पाणी आलं की पुन्हा वाढू लागतात.

गोदावरीवर आता चढउताराचं वेळापत्रकही पावसाच्या हातात पूर्ण उरलेलं नाही. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये ठरवून दिलं, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 मध्ये असं पाणी नोव्हेंबरात सुटलं. म्हणजे नदीला लोंढा आला तो थंडीत, एरवी पाणी निवळत जाण्याच्या दिवसांत, आणि तोही वरच्या धरणांत महिनोन्‌महिने साठून, तिथलं शेवाळ सोबत घेऊन.