नकाशा क्रेगचा, खटपट ड्रमंड यांची

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा, तिथल्या ‘न्यू टाऊन’ या नव्या वस्तीचं श्रेय बहुधा जेम्स क्रेग या तरुण वास्तुकाराला मिळतं. सरळसोट रस्ते आणि दोन टोकांना दोन चौक असा १७६७ मध्ये मंजूर झालेला आराखडा त्याचाच. पण त्याआधी दरीवर पूल हवा होता, तळं उपसायचं होतं आणि नगर परिषदेला राजी करायचं होतं. ही खटपट जॉर्ज ड्रमंड यांची, आणि माझ्या मते शहर त्यांनीच घडवलं.

पर्थशायरमध्ये जन्मलेले ड्रमंड मुळात हिशेबनीस. १७०७ च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणाच्या वेळी हिशेबाच्या कामात हा मुलगा होता. १७१५ च्या जॅकोबाइट बंडात (पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीचं बंड) ते सरकारी बाजूने लढले, सीमाशुल्क खात्यात मोठं पद मिळालं आणि १७२५ मध्ये ते लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे ढोबळमानाने महापौर, झाले. जनतेच्या मतांचा मात्र फारसा संबंध नसे. जुनी परिषदच नवी निवडायची, आणि वरून ड्यूक ऑफ आर्गाइल या बड्या सरदाराच्या गटाचा वरदहस्त लागे. ड्रमंड यांना हे राजकारण चांगलंच जमलं. हे पद त्यांना सहा वेळा मिळालं.

या वजनाचा पहिला मोठा वापर त्यांनी वैद्यकीसाठी केला. विद्यापीठातल्या नेमणुका तेव्हा परिषदेच्या हातात होत्या. १७२६ मध्ये वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक नेमले गेले आणि तिथली वैद्यकशाखा उभी राहिली. (मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड पुढे इथेच शिकले.) विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवेत, म्हणून १७२९ मध्ये एका छोट्या घरात सहा खाटांचं रुग्णालय सुरू झालं. १७३६ मध्ये त्याला राजाची सनद मिळाली आणि १७३८ मध्ये विल्यम अ‍ॅडम यांच्या आराखड्याप्रमाणे दोनशेहून अधिक खाटांची इमारत बांधायला घेतली. कोणी पैसे दिले, कोणी दगड, कोणी चुना. कारागिरांनी मजुरी न घेता काम केलं.

जुनं शहर किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंतच्या डोंगरकण्यावर दाटीवाटीने वसलेलं. घरं आठ-आठ, दहा-दहा मजली, आणि रात्री खिडकीतून ‘गार्डीलू’ अशी आरोळी ठोकून घाण पाणी सरळ खाली. उत्तरेचं नॉर लॉक हे तळं म्हणजे गटारच झालं होतं.

१७४५ मध्ये पुन्हा जॅकोबाइट बंडखोरांचं सैन्य चालून आलं तेव्हा ड्रमंड यांनी स्वयंसेवकांची तुकडी जमवली. ऐन वेळी ती पांगली आणि शहर न लढताच पडलं. पण बंड मोडल्यावर, १७४६ मध्ये, ते पुन्हा पदावर आले.

१७५१ मध्ये एका सहा मजली इमारतीची भिंत कोसळली आणि विस्ताराच्या योजनेला निमित्त मिळालं. पुढच्याच वर्षी सार्वजनिक कामांचा प्रस्ताव छापून आला. लेखणी गिल्बर्ट इलियट यांची, पाठबळ ड्रमंड यांचं. १७५३ मध्ये रॉयल एक्सचेंज या व्यापाऱ्यांसाठीच्या इमारतीची पायाभरणी झाली, १७५९ मध्ये तळं उपसायला सुरुवात झाली, १७६३ मध्ये दरीवरच्या पुलाचा, म्हणजे नॉर्थ ब्रिजचा, पहिला दगड बसला. त्याच सुमारास ड्रमंड यांनी खिडकीतून पलीकडची शेतं दाखवत एका तरुण धर्मोपदेशकाला सांगितलं, की इथे भव्य नगर उभं राहील. तुम्ही ते पाहाल, मी नाही.

तसंच झालं. १७६६ मध्ये त्यांचं निधन झालं. १७६९ मध्ये पुलाचा एक भाग कोसळून पाच जण दगावले आणि तो १७७२ मध्ये पुरता खुला झाला. क्रेगच्या आराखड्यातल्या मुख्य रस्त्यांना राजघराण्यातली नावं मिळाली. ड्रमंड प्लेस नावाचा चौक आला तो पुढच्या शतकात, शहर आणखी उत्तरेला सरकलं तेव्हा.