शॉक लागत नाही, पण आग लागते

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथल्या एका ढाब्यावर मे महिन्यातल्या दुपारी, रावेरहून केळी भरून आलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरदादांनी मला चहा पाजला. पाणी उकळलं विजेच्या किटलीत आणि किटली चालत होती इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर बॅटरीला जोडलेला होता घरातल्या प्लगसाठी वापरतात त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरनं. तिचं टोक सोलून बोल्टाला नुसतं गुंडाळलेलं. मी ते दाखवलं तर दादा म्हणाले, "चोवीस व्होल्टघाई काय व्हई, भाऊ?" म्हणजे, ट्रकच्या बॅटरीच्या चोवीस व्होल्टनं काय होणार?

त्यांचं निम्मं खरं आहे. कोरड्या हाताला २४ व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही. (इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे २३० व्होल्ट मात्र घरातल्या इतकेच जीवघेणे.) पण वायर तापते ती अँपिअरमुळे. १००० वॅटची किटली घरी साधारण ४.३ अँपिअर घेते. तीच ट्रकमध्ये लावली की इन्व्हर्टरची स्वतःची खोट धरून बॅटरीतून ४६ अँपिअर ओढले जातात. आणि जूलनं १८४१ मध्ये मांडलेला नियम शाळेत आपण सगळे शिकलोय: उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट, तर त्याच वायरमध्ये उष्णता शंभरपट!

आता तो सैल बोल्ट घ्या. तिथे ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका रोध आहे असं धरू. घरच्या प्रवाहाला तिथे ०.२ वॅटही उष्णता होत नाही. ४६ अँपिअरला होते २१ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर जवळजवळ एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवून दादा चहा करत होते.

मला खरी थक्क करणारी गोष्ट याच्या पुढची वाटते. साध्या विजेच्या शेगडीच्या वाटेत रोध वाढला तर प्रवाह कमी होतो, प्रकरण आपोआप थंडावतं. इन्व्हर्टर उलटा वागतो. त्याला किटलीला १००० वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज घटलं की तो जास्त अँपिअर ओढतो. इन्व्हर्टर बॅटरीपासून तीन मीटरवर असेल, तर त्या बारीक वायरची जाऊन-येऊन सहा मीटर लांबी सुमारे दोन व्होल्ट खाते. इन्व्हर्टरपर्यंत २२ व्होल्ट पोचतात, प्रवाह ५० अँपिअरवर जातो आणि वायरमध्येच १०० वॅट जळू लागतात. तांबं तापलं की त्याचा रोध आणखी वाढतो, सैल सांध्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रस्त्याचे हादरे तो सांधा आणखी ढिला करतात. एकेक पायरी पुढचीला ढकलते.

त्यात आपला उन्हाळा. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं. पौषातल्या १५ अंशांच्या सकाळी तिला ५५ अंश तापायला वाव असतो. भुसावळच्या ४५ अंशांत उरतात फक्त २५, आणि उन्हात उभ्या केबिनमध्ये त्याहून कमी. अशी वायर पेटली की "गाडीला नजर लागली" म्हणून लिंबू-मिरची बदलली जाते आणि बोल्ट तसाच सैल राहतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या केबिनमध्ये माणूस झोपतो.

फ्यूज हवाच: या किटलीसाठी साधारण ६० अँपिअरचा, डीसीचा (बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहासाठीचा), बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. घरातला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे लावू नये. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते, डीसीत ती तशी विझत नाही. मात्र सैल सांधा फ्यूजला दिसत नाही, कारण प्रवाह जवळपास नेहमीइतकाच असतो. त्यासाठी किमान १६ चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि तिच्या टोकाला नीट दाबून बसवलेला लग (बोल्टात अडकणारं धातूचं कडं) हवा. ट्रकचे २४ व्होल्ट १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मिळतात. त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नयेत, जोडीतली एक लवकर मरते.

सांधा तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. किटली चालू असताना एक टोक बॅटरीच्या खांबाला, दुसरं लगला लावायचं. आठ-दहा मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम. दादांच्या त्या गुंडाळलेल्या वायरवर आकडा ४०० च्या वर गेला, तेव्हा त्यांनी स्वतःच हात लांबवून किटलीचं बटण बंद केलं.