स्पोर्ट क्वाड: टू-स्ट्रोकची बदनामी आणि फोर-स्ट्रोकचा लौकिक

क्वाड म्हणजे रानवाटांवर चालवायची चार चाकांची मोटरसायकलसारखी गाडी. तिचे इंजिन टू-स्ट्रोक (क्रँकच्या प्रत्येक फेरीत ताकद देणारे) किंवा फोर-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत एकदा ताकद देणारे) असते. टू-स्ट्रोक क्वाड घेतली की इंजिन कायम उघडलेले आणि फोर-स्ट्रोक घेतली की तेल बदलण्यापलीकडे काम नाही, असा समज क्वाड चालवणाऱ्यांमध्ये पक्का रुजला आहे. त्यात तथ्य आहे. परंतु ज्या गाड्यांवरून तो तयार झाला त्यांचा इतिहास पाहिला, तर विश्वासार्हतेतील फरक स्ट्रोकच्या संख्येपेक्षा इंजिनाकडून किती ताकद काढली जाते यावर अधिक अवलंबून असल्याचे दिसते.

क्वाडच्या आधी तीनचाकी गाड्या होत्या. होंडाने १९७० मध्ये फुगीर टायरांची पहिली तीनचाकी बाजारात आणली आणि पुढील दशकभर तोच प्रकार लोकप्रिय राहिला. चार चाकांची खरी वेगवान गाडी आली ती १९८५ मध्ये, सुझुकीच्या एलटी२५०आरच्या रूपाने. पुढच्याच वर्षी होंडाची टीआरएक्स२५०आर आणि १९८७ मध्ये कावासाकीची टेकाटे-४ व यामाहाची बॅन्शी आली. या सर्व गाड्या पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या, आणि त्याला कारण होते. त्या काळी मोटोक्रॉसच्या (मातीच्या वाटेवरील मोटरसायकल शर्यतींच्या) मैदानावर टू-स्ट्रोकचेच राज्य होते, वजन कमी आणि ताकद जास्त हे गणित त्यातच जुळत होते. बॅन्शीचे ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन तर रस्त्यावरच्या मोटरसायकलीच्या घराण्यातून आले होते. म्हणजे सुरुवातीच्या स्पोर्ट क्वाड या शर्यतीच्या वृत्तीच्या गाड्या होत्या, आणि शर्यतीच्या इंजिनाला वारंवार हात लावावा लागतो हे त्यांच्या निर्मात्यांना ठाऊक होते. ग्राहकांना ते ठाऊक होतेच असे नाही.

टू-स्ट्रोकची रचनाच अशी आहे की येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या, क्रँक फिरण्याच्या कप्प्यातून) जाते आणि पेट्रोलबरोबर आलेले तेलच क्रँकच्या बेअरिंगना व पिस्टनला वंगण पुरवते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद राहणे ही या इंजिनाची पहिली अट ठरते. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील (रबरी कडी) असतात. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील कडक होऊन फाटले की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होते, पिस्टन तापून फुगतो आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम होते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल जळू लागते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील तेल कोणतीही गळती न दिसता कमी होत जाते. दोन्हीकडे फाटलेले सील बाहेरून दिसत नाही. म्हणूनच जाणकार कारागीर नवीन पिस्टन बसवल्यावर कार्ब्युरेटर व एक्झॉस्टची तोंडे बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय दाबाची हवा भरतो, सहा मिनिटे दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवतो आणि काटा खाली सरकला तर जोडांवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे शोधतो. ही तपासणी टाळून केवळ पिस्टन बदलणाऱ्याला काही दिवसांनी पुन्हा तेच काम करावे लागते, आणि दोष मात्र टू-स्ट्रोकच्या माथी मारला जातो.

दुसरा गैरसमज तेलाच्या प्रमाणाचा. ३२ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे ५ लिटरला साधारण १५६ मिली, हे प्रमाण सर्रास वापरले जाते. सुरक्षिततेसाठी म्हणून तेल आणखी वाढवले तर कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मिश्रणातील पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजे इंजिन किंचित पातळच चालते. त्यामुळे प्रमाण बदलल्यावर जेटिंगही, म्हणजे जेटचा आकारही तपासावा लागतो. १९८८ मध्ये आलेल्या यामाहाच्या ब्लास्टरमध्ये तेलाचा पंप होता. पंपावर विश्वास नसलेल्या अनेक मालकांनी तो काढून टाकीतच तेल मिसळण्याचा मार्ग पत्करला. पंप चांगला असताना त्याची गरज नव्हती, असे माझे मत आहे. परंतु पंप बंद पडल्याचे कळते तेव्हा इंजिन गेलेले असते, ही त्यांची भीतीही निराधार नव्हती.

१९८८ मध्ये अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन समझोता होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. अपघातांवरून निर्माण झालेल्या त्या वातावरणात वेगवान क्वाडही फार काळ टिकल्या नाहीत. होंडाची २५०आर १९८९ नंतर बंद झाली, सुझुकीची १९९२ नंतर. जपानी कंपन्यांपैकी मोठ्यांसाठीच्या टू-स्ट्रोक स्पोर्ट क्वाड पुढे यामाहानेच चालू ठेवल्या.

फोर-स्ट्रोकचा लौकिक या पोकळीत घडला. १९९९ मध्ये आलेल्या होंडा टीआरएक्स४००ईएक्सचे ३९७ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन एक्सआर४००आर या रानवाटांवरच्या मोटरसायकलीवरून घेतलेले होते. त्याची ताकद बेताची आणि टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) स्क्रूने सेट होणारे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पाना हाताशी असला की घरी तासाभरात काम उरके. नियमित तेल आणि स्वच्छ एअर फिल्टर एवढ्यावर ही इंजिने वर्षानुवर्षे चालली. चूक व्हायची ती तेल मोजण्यात. या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असते आणि गाडी उभी असताना ते हळूहळू खाली इंजिनात उतरते. त्यामुळे थंड इंजिनावर तेल मोजायची पट्टी कोरडी दिसते, मालक तेल ओततो आणि पातळी प्रमाणाबाहेर जाते. इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून मगच पातळी पाहायची असते.

चित्र पालटले ते मोटोक्रॉसमुळेच. १९९७ मध्ये अमेरिकी शर्यतपटू डग हेन्री यांनी यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधील मोटोक्रॉस) शर्यत जिंकली, त्या वाटेने वायझेड४५०एफ ही मोटरसायकल आली आणि तिच्या इंजिनावरून २००४ ची वायएफझेड४५० क्वाड. होंडाची टीआरएक्स४५०आरही त्याच वर्षीची. दुसरीकडे, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये ठरवलेले धुराचे नियम २००६ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि बॅन्शी व ब्लास्टर यांची तेथील विक्री त्याच वर्षाच्या मॉडेलबरोबर संपली.

या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांना ‘तेल बदला आणि विसरा’ हा नियम लावणे महागात पडले. वायएफझेड४५० मध्ये एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तेही टायटॅनियमचे. इनटेक व्हॉल्व्हचा गॅप (टॅपेटची फट) ०.१० ते ०.१५ मिमी. व्हॉल्व्हवरचा कठीण थर फिल्टरमधून शिरलेल्या धुळीने झिजला की व्हॉल्व्ह सीटमध्ये वर सरकतो आणि गॅप वाढण्याऐवजी कमी होत जातो. आवाज येत नाही, धूर दिसत नाही. फक्त सकाळी गाडी सुरू व्हायला कटकट करते. एकदा शिम (ठरावीक जाडीची चकती) बदलून गॅप सुधारता येतो. तोच व्हॉल्व्ह थोड्याच तासांत पुन्हा आवळला, तर थर गेलेला असतो आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. तेलाचे तसेच. शेजारच्या ओल्या क्लचचा चुरा त्याच तेलात मिसळतो. होंडाने ४५०आरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे ठेवले ते यासाठीच. देखभालीचा हिशेब महिन्यांऐवजी तासांत मांडावा लागला.

खर्चाची बाजूही उलटली. टू-स्ट्रोकचे वरचे काम म्हणजे पिस्टन, रिंग, गॅस्केट आणि गरजेनुसार बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणे). बॅन्शी किंवा २५०आरच्या लोखंडी लायनरला रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो. ते काम वारंवार येते, परंतु एका दिवसात उरकते. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर हेड, पिस्टन, सिलिंडर आणि कधी क्रँकही एकदमच जातो.

मागच्या अॅक्सलच्या बेअरिंगना, चेनला आणि बॉल जॉइंटना इंजिन कोणते आहे याचे सोयरसुतक नसते. पाण्यात व वाळूत घातलेली गाडी दोन्हीकडे तेवढेच ग्रीस मागते.

२००६ च्या सुझुकी एलटी-आर४५० आणि यामाहा रॅप्टर ७०० पासून जपानी स्पोर्ट क्वाडमध्ये फ्युएल इंजेक्शन आले, जेटिंगची कटकट संपली, व्हॉल्व्हची मात्र राहिली. टू-स्ट्रोकबद्दलच्या आजच्या तक्रारी प्रामुख्याने वीस ते चाळीस वर्षे जुन्या गाड्यांवरच्या आहेत. त्यांत आटलेले रबर, आधीच्या मालकाने वाढवलेले बोअर आणि कोणी तरी अंदाजाने बसवलेला जेट हे तिन्ही एकत्र सापडतात.