पांढरीच्या पोटातलं गाव

गावच्या जमिनीचे आपल्याकडे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत माणसं राहतात. पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहून ढासळल्या, चुलीची राख त्यात मिसळत गेली, की तिथली माती पांढुरकी होते आणि जागेला उंचवटा येतो. पुरातत्त्वाचे अभ्यासक अशीच टेकाडं हुडकत फिरतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला असं एक टेकाड होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंत नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव तिथे उजेडात आलं.

या लोकांनी लिहिलेलं एक अक्षरही मागे नाही. तरी त्यांच्या घरात डोकावता येतं, कारण कुठली वस्तू कुठे, कशाच्या शेजारी आणि कोणत्या थरात होती, हे तिथे बारकाईने टिपून ठेवलं गेलं.

तिथले रांजण घ्या. नुसते हाती आले असते, तर धान्याचे म्हणून नोंदले गेले असते. पण ते जोडीने, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले होते आणि आत तान्ह्या मुलांची हाडं होती. तेही गावाबाहेर नव्हे, राहत्या घराच्या जमिनीखाली. वर चूल पेटत होती, माणसं निजत होती, आणि खाली त्यांचं मूल होतं. उत्खननाचा हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. मूल घरापासून दूर जाऊ नये, असं त्या माणसांना वाटत असेल का?

मोठ्या माणसांचं दफन वेगळं. खड्ड्यात उताणं निजवलेलं, डोकं उत्तरेला, आणि पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेल्याने उठून चालत जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असा एक तर्क आहे. ‘उत्तरेला डोकं करून झोपू नकोस’ हे आजीचं बोलणं इथे हटकून आठवतं. पण मधे तीन हजार वर्षं गेली आहेत. आजची रीत पाहून एखादा प्रश्न सुचतो, तेवढ्यावरून उत्तर मिळालं असं म्हणता येत नाही.

एका घरात मातीची बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल जमिनीत पुरलेला मिळाला. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. दोन्ही एकत्र सापडले म्हणून हे कळलं. वेगवेगळ्या कपाटांत गेले असते, तर एक ‘खेळणं’ आणि दुसरी ‘मोडकी बाहुली’ ठरली असती.

गावाचे वाईट दिवसही असेच वाचता येतात. आधीच्या थरांत चौकोनी, ऐसपैस घरं आहेत. त्यांतलं एक पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं. इ.स.पू. १००० च्या सुमारापासून मात्र लहान गोल झोपड्या दिसू लागतात आणि लोक शिकारीकडे जास्त वळलेले दिसतात. पाऊसमान घटत गेल्याने शेती बसली, असं ढवळीकरांचं म्हणणं होतं.

याउलट गोष्ट दायमाबादची. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार भरीव शिल्पं मिळाली, वजनाला साठ किलोंहून जास्त. धातूकामाचा हा फार देखणा नमुना. पण ती मिळाली झाडाचं खोड खणून काढताना. काही अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातली मानतात, काही बरीच नंतरची. शेजारी एखादं खापर कुठल्या थरात पडलं होतं, एवढं जरी तेव्हा कुणी टिपून ठेवलं असतं, तरी त्यांचा काळ ठरवणं कितीतरी सोपं झालं असतं.