झोपून राहिल्यानं बाळ आत थांबतं का?

सहाव्या-सातव्या महिन्यात कुणाचं पाणी जातं, कुणाची वार (प्लॅसेंटा) खाली असते आणि अंगावरून जाऊ लागतं, कुणाच्या पिशवीचं तोंड वेळेआधीच आखूड होतं. डॉक्टर भरती करून घेतात, आणि त्या क्षणापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच सांगतं: हलायचं नाही. पलंगाचा पायथा उंच होतो, बेडपॅन येतो. मग साधी कूस बदलतानाही बाईच्या पोटात धस्स होतं. आपल्या हलण्यानं काही होणार तर नाही ना?

या भीतीला विज्ञानाचा आधार फार थोडा आहे, आणि हे भरती असलेल्या प्रत्येक बाईपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उभं राहिलं की बाळाचं वजन खाली येणार, म्हणून आडवं पडावं, हा तर्क पटकन पटतो. पण गर्भाशयाचं मुख, म्हणजे पिशवीचं तोंड, हे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी घट्ट विणलेलं असतं. ते आखूड होतं, मऊ पडतं, उघडतं, ते ही वीण सैल झाल्यामुळे. त्यामागे संसर्ग असू शकतो, दाह असू शकतो, प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं असतात. जुळी असतील तर पिशवी ताणली गेलेली असते. पाठ टेकल्यानं यातलं काहीच थांबत नाही.

हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. झिंबाब्वेतल्या हरारे शहरात जुळी असलेल्या बायकांचे दोन गट केले गेले. एका गटाला शेवटच्या महिन्यांत विश्रांतीसाठी रुग्णालयात ठेवलं, दुसरा घरीच राहिला. १९८५ साली निष्कर्ष छापून आले: भरती केलेल्यांचीच बाळंतपणं जास्त प्रमाणात लवकर झाली. पुढे अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही झोपवून ठेवल्यानं अकाली बाळंतपण टळतं असं दिसलं नाही. २०१३ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. त्यात गर्भाशयमुख आखूड असलेल्या सुमारे साडेसहाशे बायका होत्या. ज्यांच्या हालचालींवर बंधनं घातली होती त्यांच्यापैकी ३७ टक्के ३७व्या आठवड्याआधी बाळंत झाल्या. बंधनं नसलेल्यांपैकी १७ टक्के. जिची अवस्था जास्त नाजूक तिलाच झोपायला सांगितलं असेल, ही शंका रास्त आहे. पण इतर फरक हिशेबात धरूनही बंधनांचा फायदा काही दिसला नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आता अकाली बाळंतपण टाळण्यासाठी सरसकट बेड रेस्ट देऊ नये असंच सांगते.

दुसऱ्या आजारांत ही वाट आधीच चालून झाली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला एकेकाळी आठवडेच्या आठवडे पलंगाला खिळवत. १९५०च्या सुमारास बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि ते सुखरूप राहिले. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र सवय सुटायला फार वेळ लागतो आहे. बाळाच्या बाबतीत कुणालाच धोका पत्करायचा नसतो, आणि झोपून राहण्यात कसला आलाय धोका, असं वाटतं.

धोका असतो. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी शरीरानं केलेली ती तयारी असते. चालताना पोटरीचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात. ते थांबलं की रक्त साकळतं आणि गाठ होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. गरोदरपणात अशा गाठी बहुतेकदा डाव्या पायात होतात, कारण तिथली शीर ओटीपोटात उजव्या धमनीखाली दबलेली असते. म्हणून एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं यातलं काही झालं तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही, सिस्टरना लगेच हाक मारायची. याशिवाय स्नायू झिजतात, हाडांतलं कॅल्शियम घटतं, भूक मंदावते. अमेरिकेत परिचारिका-संशोधक ज्युडिथ मलोनी यांनी अशा बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बाळंतपणानंतरही कित्येक आठवडे त्यांना थकवा आणि अंगदुखी जाणवत होती.

मग भरती कशासाठी? रुग्णालय जवळ असावं म्हणून. वार खाली असेल तर रक्तस्राव काही मिनिटांत वाढू शकतो. रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत असणं म्हणजे जीव वाचणं. पाणी गेलं असेल तर ताप, नाडी आणि बाळाचे ठोके यांवर सतत लक्ष हवं. बाळ लवकर येणार असं दिसलं तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, दर १२ तासांनी एक अशी चार. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. याच गटातल्या औषधाचं हे काम १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, आणि त्यावर आज असंख्य बाळं जगली आहेत. हे सगळं खरं उपचाराचं काम. त्यातलं काहीच तुम्ही किती निश्चल पडून राहता यावर अवलंबून नाही.

म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा. संडासला चालत जाऊ का? खुर्चीत बसून जेवू का? वॉर्डच्या टोकापर्यंत जाऊन येऊ का? 'आराम करा' एवढ्या उत्तरावर थांबू नका. काहींना खरोखर काही काळ पडून राहावं लागतं, भरपूर रक्तस्राव चालू असताना वगैरे. ते का आणि किती दिवस, हे कळायला हवं. पडल्या पडल्या घोटे वरखाली हलवायला बहुतेकींना परवानगी असते. डॉक्टरांनी रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली हेपरिनची इंजेक्शनं सुचवली तर घाबरू नका, हे औषध वारेतून बाळापर्यंत जात नाही. उताणं झोपू नये, कारण जड झालेली पिशवी हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर रेलते आणि चक्कर येते, कुशीवर झोपावं. लोहाच्या गोळ्या आणि पडून राहणं यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा डब्यात उसळ, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका असू द्या. जमल्यास खिडकीजवळचा पलंग मागा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप सावरते.

सगळ्यांत अवघड भाग मनाचा असतो. घरी ठेवून आलेलं मोठं लेकरू, पाहुण्यांनी सांगितलेले 'आमच्या वन्संचं असंच झालं होतं' असे किस्से, आणि त्याखाली सतत टोचणारा विचार: त्या दिवशी जिना चढले म्हणून झालं का? झोपून राहणं हा उपाय मानला, की लवकर आलेल्या बाळाचा दोष आपोआप उठलेल्या बाईवर येतो. मला या समजुतीची हीच बाजू सर्वांत क्रूर वाटते. सासूबाईंना, नवऱ्याला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, हवं तर राउंडच्या वेळी त्यांना मुद्दाम थांबवून घ्या. रडू थांबत नसेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच लक्षण आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीतही बोलता येतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक: मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींप्रमाणे गरोदरपणातून आलेल्या आजारपणासाठी नेहमीच्या रजेव्यतिरिक्त एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. त्यासाठी रुग्णालयाचे कागद जपून ठेवा.

बाळंतपणानंतर पहिल्यांदा उठताना पाय लटपटतील, कुणाला तरी धरून उभ्या राहा. रक्ताच्या गाठीचा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. तेव्हा घरी गेल्यावर 'सव्वा महिना खाली पाय ठेवायचा नाही' असं कुणी म्हटलं, तरी रोज थोडं चाला.