डॉकर व्हॉल्यूमची साफसफाई

डॉकर हे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारे साधन आहे, आणि व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरबाहेर माहिती साठवण्याची त्याची जागा. कंटेनर काढून टाकल्यावरही संगणकावर मागे उरलेले व्हॉल्यूम शोधून ते हटवणे आणि डिस्कवरची जागा मोकळी करणे, हे डॉकर चालवणाऱ्या सर्व्हरवर अधूनमधून करावेच लागणारे काम आहे. आज्ञा टंकायला क्षणभर पुरतो. कोणता व्हॉल्यूम जाऊ द्यायचा हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण हटवलेला व्हॉल्यूम डॉकर परत आणून देत नाही.

कंटेनरच्या आत लिहिलेला मजकूर कंटेनरबरोबरच नष्ट होतो. डेटाबेसला हे परवडत नाही, म्हणून त्याच्या फायली कंटेनरबाहेर, यजमान संगणकावरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवल्या जातात. लिनक्सवर त्यांची नेहमीची जागा /व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स ही असते. डॉकर २०१३ मध्ये लोकांसमोर आले. व्हॉल्यूम हाताळण्याची स्वतंत्र आज्ञा २०१५ च्या १.९ या आवृत्तीत आली, तर निरुपयोगी व्हॉल्यूम एका फटक्यात झाडून काढणारी ‘व्हॉल्यूम प्रून’ ही आज्ञा मिळायला २०१७ ची १.१३ ही आवृत्ती उजाडावी लागली.

व्हॉल्यूम दोन प्रकारचे असतात. एकाला वापरकर्ता स्वतः नाव देतो. दुसरा निनावी असतो; डॉकर त्याला ६४ अक्षरी षोडशमान ओळख देते. जागा नकळत खाणारा बहुधा हा दुसरा प्रकार. मायएसक्यूएल, मोंगोडीबी यांसारख्या डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये (म्हणजे ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्यात) ‘या फोल्डरसाठी व्हॉल्यूम हवा’ अशी सूचना आधीच लिहिलेली असते. वापरकर्त्याने त्या जागी काही जोडले नाही, तर डॉकर गुपचूप निनावी व्हॉल्यूम तयार करते. मोंगोडीबीच्या बाबतीत तर एका कंटेनरमागे असे दोन तयार होतात. कंटेनर साध्या ‘आरएम’ आज्ञेने काढला की ते तिथेच पडून राहतात. ‘व्ही’ हा पर्याय जोडला तरच सोबत जातात. ‘कंपोज’ हे एका फाईलवरून अनेक कंटेनर एकत्र उभे करणारे साधन; ते पाडणाऱ्या ‘कंपोज डाउन’ आज्ञेचेही तसेच. पुढच्या वेळी ‘अप’ आज्ञेने ते पुन्हा उभे केल्यावर जुना निनावी व्हॉल्यूम पुन्हा जोडला जात नाही, नवा बनतो. चाचण्यांसाठी दिवसभर कंटेनर उभे करून पाडणाऱ्या सर्व्हरची डिस्क अशीच भरत जाते. डिस्क पूर्ण भरली की नव्या इमेज बांधल्या जात नाहीत, लॉग लिहिले जात नाहीत आणि त्याच डिस्कवरचे डेटाबेसही बंद पडू शकतात.

कोणता व्हॉल्यूम वापरात नाही, हे डॉकर एकाच कसोटीवर ठरवते: त्याला एकही कंटेनर जोडलेला नसणे. आत काय आहे, शेवटचे कधी लिहिले गेले, याची दखल घेतली जात नाही. बंद पडलेला पण न काढलेला कंटेनरसुद्धा आपल्या व्हॉल्यूमला धरून असतो. म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. आधी बंद कंटेनर झाडून काढले, की काल सुरक्षित असलेला डेटाबेसचा व्हॉल्यूम आज बेवारस ठरतो आणि पुढच्या आज्ञेच्या तावडीत सापडतो. देखभालीसाठी चार तास थांबवलेली सेवा आणि कायमची सोडून दिलेली सेवा यांत डॉकरला फरक कळत नाही. तो माणसानेच ओळखायचा असतो.

डॉकरच्या निर्मात्यांनी हा धोका टप्प्याटप्प्याने कमी केला. १७.०६.१ पासून ‘सिस्टम प्रून’ ही सर्वसमावेशक आज्ञा सांगितल्याशिवाय व्हॉल्यूमला हात लावत नाही. २०२३ च्या २३.० आवृत्तीपासून ‘व्हॉल्यूम प्रून’ फक्त निनावी व्हॉल्यूम काढते. नाव दिलेलेही काढायचे तर ‘ऑल’ हा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. हा बदल योग्यच होता, कारण ज्याला कुणी आवर्जून नाव दिले त्यात जपण्यासारखे काही असण्याची शक्यता जास्त. त्याचा एक परिणाम मात्र अनेकांना बुचकळ्यात टाकतो. निनावीपणाची खूण म्हणून लावले जाणारे लेबल जुन्या आवृत्तीत बनलेल्या व्हॉल्यूमवर नसते. त्यामुळे आज्ञा यशस्वी होते, पण जुना ढीग जागचा हलत नाही. जुनी शिकवणी वाचून काम करणाऱ्याने आपल्या सर्व्हरवरची आवृत्ती आधी पाहावी.

सुरुवात ‘सिस्टम डीएफ’ या आज्ञेपासून करावी. इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅश (इमेज बांधताना साठवून ठेवलेले टप्पे) यांनी किती जागा घेतली ते ती सांगते. पुष्कळदा खरी जागा बिल्ड कॅशनेच अडवलेली असते आणि व्हॉल्यूमला हात लावायची गरजच उरत नाही. ‘व्ही’ पर्यायाने प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार आणि त्याला जोडलेल्या कंटेनरची संख्या दिसते. ‘डँगलिंग’ गाळणी लावून बेवारस व्हॉल्यूमची यादी मिळते. शंका असेल तो व्हॉल्यूम एखाद्या तात्पुरत्या कंटेनरला जोडून आत डोकवावे, आतल्या फायलींची एकत्र टार फाईल करून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि मग नाव घेऊन एकेक काढावा. जपायच्या व्हॉल्यूमना निर्मितीच्या वेळीच लेबल लावले, तर प्रूनला ते वगळायला सांगता येते. हीच सवय सर्वांत उपयोगी. ‘कंपोज डाउन’ला ‘व्ही’ जोडताना मात्र दोनदा पाहावे: कंपोजच्या फाईलमध्ये घोषित केलेले नाव असलेले व्हॉल्यूमही त्यात जातात.

यजमानावरचे फोल्डर थेट जोडलेले असेल, म्हणजे बाइंड माउंट असेल, तर प्रून त्याला शिवत नाही. पॉडमॅन या डॉकरसारख्याच साधनातही ‘व्हॉल्यूम प्रून’ आहे, पण डॉकरची सवय तिथे जशीच्या तशी नेऊ नये. नाव दिलेले व्हॉल्यूमही तिथे सुटतीलच असे नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असल्यास व्हॉल्यूम काढूनही सी ड्राइव्हवरची जागा लगेच वाढेलच असे नाही, कारण आभासी डिस्कची फाईल दरवेळी आपोआप आकसत नाही. तशा वेळी ती वेगळी आकुंचित करावी लागते.